दोऱ्या दिसतात, मान्य आहे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. "आई, तुझ्या त्या जुन्या विज्ञानपटात यानाला बांधलेली दोरी दिसते आणि तुला त्यात अध्यात्म दिसतं?" असल्या प्रश्नाचं उत्तर मला दोन ओळींत देता येत नाही, म्हणून हे पत्र. आधी कबूल करून टाकते की दोऱ्या दिसतात. पुठ्ठ्याचे ग्रहही दिसतात. 'डार्क स्टार'मधला परग्रहवासी प्राणी तर सरळसरळ हवा भरलेला, खेळायचा चेंडू आहे. त्याला खालून पंजे लावलेत आणि ते लपवायची तसदीही कुणी घेतलेली नाही. तरी मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघते आणि तुझे बाबा दर वेळी मध्यावर झोपतात.

पण तुझा खरा आक्षेप दोरीवर नाही. तुला वाटतं की मी अर्थ बाहेरून आणून डकवते. तू पाठवलेला तो तक्ता मी नीट पाहिला. अमुक पात्र म्हणजे ख्रिस्त, तमुक काळी शिळा म्हणजे ब्रह्म, तिसरं यान म्हणजे गर्भ. गंमत म्हणजे तो मलाही आवडला नाही.

असं करणारे सिनेमे आहेत. १९५१चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' घे. आकाशातून आलेला क्लाटू माणसांत वावरताना कारपेंटर, म्हणजे सुतार, असं आडनाव घेतो. लोक त्याला मारतात, तो पुन्हा उठतो, चार शब्द सुनावतो आणि आकाशात निघून जातो. हा आपला खासगी खट्याळपणा होता, असं पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी पुढे सांगितलं. सेन्सॉरवाल्यांना मात्र मेलेल्याला यंत्राने जिवंत करावं हे खपेना. म्हणून क्लाटूच्या तोंडी वाक्य घालायला लावलं की जीवन-मरणाचा अधिकार त्या सर्वशक्तिमानाचाच. सिनेमा छान आहे, बघच. पण ज्या सिनेमात देवाचं नाव वरून हुकूम देऊन घातलं, त्यात मला देव सगळ्यात कमी भेटतो. हा म्हणजे तो, हे एकदा कळलं की कोडं सुटलं. सुटलेल्या कोड्याकडे पुन्हा कोण बघतं?

माझी कसोटी साधी आहे. सिनेमा संपल्यावर त्याने मला काही विचारलं का? आणि तो प्रश्न दुसऱ्या दिवशी कामाच्या मधेच आठवला का?

'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन' १९५७चा, दिग्दर्शक जॅक अर्नोल्ड. नाव ऐकून तू हसशील. स्कॉट केरी नावाचा उंचापुरा गृहस्थ बोटीवर पहुडलेला असतो, एक विचित्र धुकं त्याच्या अंगावरून जातं आणि नंतर तो आकसायला लागतो. आधी कपडे ढगळ होतात. मग बायको गाडीत बसून धीर देत असते की ही अंगठी बोटात आहे तोवर मी तुझी आहे, आणि त्याच क्षणी अंगठी बोटातून गळून पडते. पुढे तो बाहुलीघरात राहायला जातो. घरचं मांजर त्याच्यावर झडप घालतं, तो तळघरात पडतो आणि वरच्या जगाच्या लेखी मरतो. टाचणीची तलवार करून कोळ्याशी लढतो. तो कोळी पडद्यावर इतका मोठा आहे की अजूनही माझे पाय आपोआप खुर्चीवर येतात.

लढाई जिंकल्यावर त्याला जाणवतं की भूकच राहिलेली नाही. ज्या शिळ्या केकच्या तुकड्यासाठी एवढं रामायण झालं, तो समोर आहे आणि नको आहे. खिडकीच्या जाळीचं एक भोक, जे काल त्याला अडवत होतं, त्यातून आज तो सहज बाहेर पडतो. वर चांदण्या. तो म्हणतो की अतिसूक्ष्म आणि अतिविशाल शेवटी एकाच ठिकाणी मिळतात, ईश्वराच्या हिशेबात शून्य नाही, आणि मी अजून आहे.

तुला 'अणुरेणिया थोकडा' आठवला असेल. मलाही आठवला, पण तिथेच मी थांबते, कारण दोन्ही एक नाहीत. तुकोबा लहान झाले ते आपखुशीने, 'मी'चं ओझं उतरवून. केरीला कुणी विचारलंच नव्हतं, आणि शेवटच्या क्षणीही 'मी' त्याच्या हातातून सुटत नाही. सिनेमा तुकोबांच्या एक पायरी अलीकडे थांबतो. मला ते प्रामाणिक वाटतं. आजारपणाने, वयाने, हातचं काम गेल्याने माणसं अशीच न विचारता आकसतात. त्यांना एकदम आकाशाएवढं व्हायला सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याला.

आता त्या चेंडूवाल्या 'डार्क स्टार'कडे. जॉन कारपेंटर आणि डॅन ओ'बॅनन विद्यार्थी असताना त्यांनी तो सुरू केला, मग वाढवत वाढवत १९७४ साली चित्रपटगृहात आणला. गोष्ट अशी: चार कंटाळलेली माणसं अस्थिर ग्रह फोडत अवकाशात फिरताहेत. त्यांचे बॉम्ब बोलतात, अगदी अदबीने. विसाव्या क्रमांकाचा बॉम्ब बिघाडामुळे यानापासून सुटत नाही, स्फोटाची वेळ जवळ येत चाललेली, आणि तो म्हणतो की मला हुकूम मिळालाय, मी फुटणार. डूलिटल हा त्यांचा म्होरक्या गोठवून ठेवलेल्या मृत कॅप्टनचा सल्ला घेतो. कॅप्टन आधी बेसबॉलच्या संघाची चौकशी करतो आणि मग सांगतो, त्याला तत्त्वज्ञान शिकव.

मग डूलिटल अवकाशाचा पोशाख चढवून बॉम्बसमोर जातो आणि तिथे अधांतरी त्याची शिकवणी सुरू होते. तू आहेस हे तुला कशावरून कळतं? मी विचार करतो, म्हणून. बरं, बाकीचं जग आहे हे कशावरून? माझी ज्ञानेंद्रियं सांगतात. पण ती खरं सांगतात कशावरून? मग तुला मिळालेला हुकूम तरी खरा कशावरून? बॉम्ब विचारात पडतो. मला यावर आणखी चिंतन केलं पाहिजे, असं म्हणून तो मुकाट्याने आपल्या जागी परत जातो. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. थोड्या वेळाने त्याचं चिंतन पूर्ण होतं. बाहेरचं सगळं खोटं असू शकतं, म्हणजे खरा फक्त मीच. आरंभी अंधार होता आणि अंधारात मी एकटा होतो. प्रकाश होवो, असं म्हणून तो फुटतो.

मी पोट धरून हसते आणि मग गप्प होते. जग मिथ्या हे वाक्य घोकलेली आणि पुढचं न ऐकलेली माणसं तूही पाहिली असशील, मी तर घरच्या कार्यात पंगतीला त्यांच्या शेजारी बसले आहे. डूलिटलची युक्ती चुकीची नव्हती, अर्धी होती. त्याने बॉम्बला शंका घ्यायला शिकवलं, पण शंकेनंतर दुसऱ्याकडे कसं बघायचं ते शिकवायला त्याच्याकडे वेळही नव्हता आणि ते त्याला स्वतःला येतही नव्हतं. इतकी वर्षं एका यानात राहून ती चार माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, ते काय बॉम्बला शिकवणार. अहंकार आणि आत्मज्ञान यांतला फरक मला कुठल्या प्रवचनात इतका लख्ख कळला नव्हता, आणि हे सगळं जेमतेम पैशांत, विद्यार्थ्यांनी, थट्टेथट्टेत केलेलं.

'सायलेंट रनिंग' (१९७२) थट्टेतला नाही, उलट जरा जास्तच गंभीर आहे, गाण्यांसकट. दिग्दर्शक डग्लस ट्रंबुल, ज्यांनी आधी '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सवर काम केलं होतं. पृथ्वीवर झाडं उरलेली नाहीत, उरलेली जंगलं काचेच्या घुमटांत घालून शनीजवळ ठेवली आहेत. एक दिवस हुकूम येतो की घुमट उडवून द्या आणि यानं मालवाहतुकीला परत आणा. लोवेल नावाचा माळी-वनस्पतिशास्त्रज्ञ ते होऊ देत नाही. त्यासाठी तो आपल्या तीन सोबत्यांचा जीव घेतो. मग यानावर तो आणि तीन बुटकी यंत्रं. तो त्यांना झाडं लावायला शिकवतो, पत्ते खेळायला शिकवतो.

त्या यंत्रांना चेहरा नाही, बोलता येत नाही. नुसत्या डुगडुगत्या पेट्या. पण एक यंत्र दुसऱ्याकडे वळून थबकतं तेव्हा काळजात काहीतरी होतं. कारण आत माणसं आहेत. दोन्ही पाय नसलेले कलाकार त्या पेट्यांच्या आत हातांवर चालत होते. ते मला फार उशिरा वाचून कळलं, आणि दोरी दिसते म्हणून हसणाऱ्या कुणालाही मी ते आधी सांगते.

शेवटी एकच घुमट उरतो. लोवेल तो एका यंत्राच्या हवाली करून दूर सोडून देतो आणि स्वतः यानासकट संपतो. ते यंत्र दिव्यांच्या उजेडात, चेपलेल्या झारीने रोपांना पाणी घालत राहतं. यावर निष्काम कर्म म्हणून शिक्का मारायचा मोह सगळ्यांना होतो. मला नाही पटत. त्या यंत्राला कामनाच नाही, मग निष्काम कसलं? प्रश्न लोवेलचा आहे. ज्याच्यासाठी हत्या केली ते वाचलं, आणि त्यात राहण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. सिनेमा त्याला माफ करत नाही, आणि दोषही देत नाही. (जंगल कोमेजतंय ते सूर्य दूर गेल्यामुळे, हे वनस्पतिशास्त्रज्ञाला इतक्या उशिरा कळावं हा मात्र शुद्ध बावळटपणा. तुझ्या यादीत तो घाल.)

'ब्लेड रनर'बद्दल लिहीत नाही, पावसात मरणाऱ्या कृत्रिम माणसाचं ते भाषण तुला पाठ आहे. एवढंच, की १९८२ साली आपटलेला हा सिनेमा लोकांनी पारायणं करून वाचवला, आणि आता भक्तमंडळी कुठली आवृत्ती खरी यावर पोथीच्या पाठभेदांसारखी भांडतात. जिथे पारायण आलं तिथे कर्मकांडही येणार.

'ला जेते' (१९६२) बघ, अठ्ठावीस मिनिटांचाच आहे. क्रिस मार्करने जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांत केलाय. फक्त एकदा चित्र हलतं. कधी ते मी सांगणार नाही. नाहीतर तू त्याची वाट बघत बसशील आणि मग ते नुसतं तंत्र होईल.

राहिला 'स्टॉकर', १९७९, दिग्दर्शक तारकोव्स्की. आधी केलेलं बरंचसं चित्रीकरण फिल्म धुताना खराब झालं आणि त्याने ते पुन्हा केलं. एक निषिद्ध प्रदेश आहे, तिथे एक खोली आहे. त्या खोलीत गेलेल्याची इच्छा पूर्ण होते. वाटाड्या एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला तिथे नेतो. वाट अशी की सरळ चालायचं नाही, कापडाची पट्टी बांधलेला, बोल्टला लावतात तो लोखंडी नट पुढे फेकायचा आणि तो पडेल तिथवरच जायचं. परग्रहवासी नाहीत, यंत्रं नाहीत, तुझ्या दोरीचा प्रश्नच नाही.

पण खोली तोंडाने मागितलेलं देत नाही, मनाच्या तळाशी असेल ते देते. वाटाड्याचा गुरू मेलेल्या भावाला परत मागायला गेला होता. घरी आला तो श्रीमंत झाला. काय ते समजून त्याने गळफास घेतला. ही गोष्ट ऐकल्यावर तिघेही उंबरठ्यावर बसून राहतात. आत कुणी जात नाही.

तू म्हणशील, एवढं चालून आत न जाणं हा पळपुटेपणा. तुझे बाबाही तेच म्हणतात. (हा सिनेमा त्यांनी पूर्ण जागेपणी बघितलाय, नोंद घे.) ते म्हणतात मी आत गेलो असतो, निदान मनात काय आहे ते तरी कळलं असतं. मी म्हणते, मी गेले नसते. मला कळायला नको आहे म्हणून नाही, तर जे कळेल त्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागेल म्हणून. त्या गुरूच्या भावाला कुणी विचारलं होतं का? यावर आमचं अजून मिटलेलं नाही. मोबाइलवर बघू नकोस, एका बैठकीत बघ, आणि कुणाच्या बाजूचा आहेस ते कळव. बाबांना आधीच सांगितलंय की तू माझ्या बाजूने येणार.

तुझी,
आई