बागेच्या फाटकावर एक वही ठेवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास पश्चिम नागपुरातल्या आमच्या बागेत दोन पोरांना लोकांनी घेरलं होतं. बागेचं नाव पत्रासोबत वेगळं कळवलं आहे, ते छापू नये ही विनंती. रोज फिरायला येणाऱ्या एका ताईंचा पाय हिरवळीतल्या खड्ड्यात जाऊन मुरगळला होता. खड्डा वीतभर खोल, बाजूला ढेकळं तशीच पडलेली. पोरांपैकी एकाच्या हातात धातू शोधायचं यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, आणि दुसऱ्याच्या हातात खुरपं, त्यामुळे खड्डा कोणी केला हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

"काय खोदून राहिले बे इथं?" चौकीदाराने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता यंत्र ओढलं. ओढाताणीत खालच्या चकतीची वायर तुटली. गर्दीतून कोणी "चोर" म्हणालं, कोणी "गुप्तधनवाले". दोघं-तिघं मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. "काका, आम्ही चोरी थोडी करून राहिलो," असं तो पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा असेल.

मी मध्ये पडलो. पोरांना पिशवी रिकामी करायला सांगितली. बाकावर काय काय पडलं ते सांगतो: सोड्याच्या बाटल्यांची गंजकी झाकणं, केसांच्या पिना, सायकलच्या घंटीची अर्धी वाटी, दोन रुपयांची चार नाणी, अॅल्युमिनियमच्या डब्याच्या झाकणाचे मूठभर तुकडे आणि चांदीचं एक जोडवं. जोडवं बघून सगळे गप्प झाले. ते कुणाचं तरी होतं, आणि ते कुणाकडे द्यायचं हे तिथल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. चौकीदाराला नाही, मला नाही, पोरांना तर नाहीच.

हे पत्र मी लिहायला घेतलं ते त्या जोडव्यामुळे.

याच बागेत गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या पत्नीच्या कानातली मोत्याची कुडी पडली. तिच्या आईने दिलेली. आम्ही दोघं हिरवळीवर वाकून वाकून अंधार पडेपर्यंत शोधत होतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाचा मित्र त्याचं यंत्र घेऊन आला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बोलायला अगदी मोजका. आधी फाटकावर जाऊन चौकीदाराला विचारलं, मग कानाला हेडफोन लावून तो हळूहळू पट्ट्या पाडत चालू लागला, वावरात पेरणी करावी तसा. वीस मिनिटांनी थांबला. गुडघ्यावर बसला, खुरप्याने हरळीचा चौकोन तीन बाजूंनी कापला आणि चौथ्या बाजूवर दार उघडावं तसा उलटला. खालची चिमूट-चिमूट माती त्याने रुमालावर काढून ठेवली, एक कणही गवतावर सांडू दिला नाही. दोन बोटं खाली कुडी होती. ओल्या मातीत कुणाच्या तरी पायाने दाबली गेलेली. मग रुमालावरची माती परत आत, वर गवताचं दार बंद, तळपायाने दाबलं आणि बाटलीतलं पाणी ओतलं. चार दिवसांनी मी ती जागा शोधायला गेलो तर सापडली नाही.

एकच बाग आणि यंत्रही त्याच जातीचं. म्हणून "बागेत यंत्र आणायला सरळ बंदी घाला" अशी जी मागणी रविवारपासून आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींत सुरू आहे, तिच्याशी मी सहमत नाही. पण पोरांची बाजू घेणारे "ते काय, खेळून राहिले" म्हणतात, तेही मला मान्य नाही. मुरगळलेला पाय खेळातला नाही, आणि बागेच्या माळीदादांनी वर्षभर राखलेली हिरवळही नाही.

मी आयुष्यभर खाणींत सर्वेक्षणाचं काम केलं. जमिनीखालचं वरून ओळखायची यंत्रं हाताळत म्हातारा झालो, म्हणून थोडं अधिकाराने सांगतो. या यंत्राच्या चकतीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्याने धातूच्या तुकड्यात बारीकसा प्रवाह फिरू लागतो आणि त्याची खूण चकती टिपते. धातू आहे एवढं कळतं. कोणता, याचा फक्त अंदाज. सोन्याच्या नाजूक दागिन्याचा आणि अॅल्युमिनियमच्या तुकड्याचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे सोन्याच्या आशेने आलेला माणूस प्रत्येक आवाजावर खणतो आणि त्याच्या हाती डब्याची झाकणं लागतात. त्यात आपलं पश्चिम नागपूर बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकावर वसलेलं, इथल्या काळ्या मातीतच लोखंडाचे चुंबकीय कण. यंत्र मातीशी आधी जुळवून घेतलं नाही तर नुसती मातीच आवाज देत राहते. रविवारी मी खड्डे मोजले, चौदा होते. त्यातले निम्मे तरी मातीच्याच आवाजावर खणलेले असणार.

याच काळ्या मातीचा दुसरा गुण उन्हाळ्यात दिसतो. पावसाळ्यात ती चिकट असते, गवताचा चौकोन अखंड निघतो आणि परत बसवला की जगतो. मे महिन्यात तीच माती भेगाळते, खुरपं मारलं की खडे उडतात. गवताची मुळं उघडी पडली की 45 अंशांच्या उन्हात ती दुपारपर्यंत मरतात. कितीही काळजी घेतली तरी एप्रिल-मेमध्ये नागपुरात हिरवळीवर केलेला खड्डा बुजत नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पावसाळा लागल्यापासून थंडी सरेपर्यंत ठीक. उन्हाळ्यात वरवर पडलेली वस्तू उचलायची, खुरपं घरी ठेवायचं. आणि झाडाच्या बुंध्याजवळ किंवा दिव्याच्या खांबाजवळ कोणत्याच महिन्यात खणायचं नाही. बागेत दिव्यांच्या वायरी आणि पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते माळ्यालाही नेहमी ठाऊक नसतं. ओल्या जमिनीत वायरीवर खुरपं बसलं तर पुढे काय होईल याची मला रविवारपासून धास्ती वाटते आहे.

आता गुप्तधनाचं. गर्दीत तो शब्द निघाला तेव्हा वातावरण एकदम बदललं. विदर्भात या शब्दाने घरं उद्ध्वस्त झालेली आपण पाहिली आहेत. धनाच्या शोधासाठी अघोरी प्रकार करण्यावर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. यंत्र घेऊन हिंडणाऱ्या पोराचा त्या प्रकारांशी संबंध नाही, पण "दहा फुटांवरचं सोनं दाखवतो" अशा जाहिराती करून यंत्रं विकणारे त्याच जुन्या लालसेवर जगतात. हातातलं साधं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत दाखवतं. त्याहून फार खोल नाही. आईबापांनी पैसे देण्याआधी एवढं जरूर लक्षात घ्यावं.

पण या शहराच्या मातीत खरोखर काही नाही, असंही मी म्हणणार नाही. 2019 च्या सुरुवातीला कस्तुरचंद पार्कवर चालण्याच्या पट्ट्यासाठी खोदकाम सुरू होतं आणि जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या. समोरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली होती. काटोल रोडच्या अंगाला जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं आहेत, पलीकडे माहुरझरीचं तसंच प्राचीन स्थळ आहे. तिथल्या उत्खननांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोखंडाच्या आणि तांब्याच्या वस्तू मिळाल्या आहेत. अशा ठिकाणी वस्तूपेक्षा ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती याला मोल असतं. खाणीत आम्ही नमुना उचलण्याआधी जागा आणि खोली लिहायचो. न लिहिता उचललेला नमुना साहेब फेकून द्यायचे. माहुरझरीचा लोखंडी तुकडा कुणी खुरप्याने उकरून खिशात घातला की तो नुसता गंज उरतो. संरक्षित स्थळांवर विनापरवाना खणणं गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी तिथे यंत्र नेऊ नये, असं मी त्या पोरांना हात जोडून सांगितलं.

कायद्याबद्दल आमच्या बाकावर दोन तास चर्चा झाली. बहुतेकांना वाटत होतं की सापडलेलं ते सापडणाऱ्याचं. तसं नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा, 1878 चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती काय आहे, कुठे आणि कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. दहा रुपये! आज त्यात चहाही येत नाही, पण आकडा तोच आहे. दडवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उलट कळवलं आणि चौकशीत मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्यालाही त्यात वाटा मिळतो. जोडव्यासारख्या कालपरवा हरवलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. तिचा मालक कुठेतरी हळहळत असतो. त्याला शोधायची खटपट न करता ती स्वतःची म्हणून ठेवून घेणं हाही गुन्ह्यातच मोडतं.

हे सगळं त्या दोन पोरांना कोण सांगणार होतं? आमच्या बागेच्या फाटकावरच्या पाटीवर फुलं तोडू नका, कुत्री आणू नका, क्रिकेट खेळू नका असं सगळं लिहिलंय. यंत्राबद्दल किंवा खणण्याबद्दल एक ओळ नाही. मग चौकीदार आपल्या मनाने ठरवतो. एकाला जाऊ देतो, दुसऱ्याची वायर तोडतो. इंग्लंडात हा छंद फार जुना आहे आणि तिथेही सार्वजनिक बागेत यंत्र न्यायचं तर आधी तिथल्या नगर परिषदेची परवानगी लागते. आपल्याकडे एवढं मोठं काही नको. महापालिका असो, सुधार प्रन्यास असो, शहरात ज्यांच्या ज्यांच्या बागा आहेत त्यांनी फाटकावर एक वही ठेवावी. यंत्र घेऊन येणाऱ्याने आत जाताना नाव आणि वेळ लिहावी, बाहेर पडताना काय सापडलं ते लिहावं आणि दागिना असेल तर तिथेच जमा करून सही घ्यावी. खणलेली जागा माळीदादांनी बघितल्याशिवाय सही मिळू नये. ज्यांची अंगठी-कुडी हरवली त्यांनीही त्याच वहीत नोंद करावी. पन्नास रुपयांची वही लागेल. सापडलेली झाकणं आणि पिना कचऱ्याच्या डब्यात टाकायची अट घातली तर बाग आपोआप साफही होईल. अनवाणी खेळणाऱ्या लहान मुलांच्या पायात मोडकी पिन जाण्यापेक्षा ती या पोरांच्या पिशवीत गेलेली बरी.

चौकीदारालाही मी बोललो. माणूस वाईट नाही. "साहेब, उद्या हिरवळ खराब झाली तं माझीच नोकरी जाते," म्हणाला, आणि ते खरंच आहे. पण संशय आला तर थांबवावं, नाव विचारावं. दुसऱ्याच्या वस्तूला हात घालू नये. तुटलेल्या वायरीचे पैसे आम्ही चौघांनी मिळून त्या पोराला दिले. पोरांनी त्याच दिवशी संध्याकाळी येऊन चौदाही खड्डे भरले, माळीदादांनी पाइप धरला. गवत येईल की नाही ते पावसाळ्यात कळेल. पाय मुरगळलेल्या ताईंच्या घरी दोघं जाऊन माफी मागून आले, हे मला ताईंनीच फोनवर सांगितलं.

वही ठेवण्याबद्दलचा अर्ज मी सोमवारी बागेच्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. परवानगी मिळाली तर पाऊस पडल्यावर दर रविवारी एक तास बागेत बसून, गवताचा चौकोन कसा कापायचा आणि परत कसा बसवायचा हे येईल त्या पोराला दाखवायची माझी तयारी आहे. गेल्या वर्षी कुडी शोधून देणारा मुलगाही यायला तयार झाला आहे.

जोडवं तूर्त चौकीदाराच्या टेबलाच्या खणात, माझ्या सहीच्या कागदात गुंडाळून ठेवलं आहे. बाहेरच्या बाजूला माशाची नक्षी आहे, आतली खूण मी मुद्दाम सांगत नाही. ज्या ताईंचं असेल त्यांनी दुसऱ्या पायातलं जोडवं सोबत घेऊन यावं.

आपला,
एक निवृत्त खाण सर्वेक्षक, नागपूर