पेपरमिंटचं बी नको, रोपं द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसबागेबद्दलच्या लेखांत पुदिना नेहमी एका ओळीत उरकला जातो, म्हणून हे पत्र. आमच्या घिनोचीखाली, म्हणजे पाण्याचे माठ ठेवायच्या जागेखाली, सांडलेल्या पाण्याच्या ओलीवर देशी पुदिना सासूबाईंच्या काळापासून आहे. त्याच्या बाजूला मी पेपरमिंट आणि जपानी पुदिना लावला. देशीचं पान सुरकुतलेलं, चटणीला तेच. पेपरमिंटचा देठ जांभळट, पान चुरगळलं की थंडावा थेट नाकात चढतो. जपानी पुदिना थंडावा देणारं मेंथॉल काढण्यासाठी असतो. चटणीत कडवट लागतो, घालूच नये.

पेपरमिंट हा संकर आहे, त्याला उगवणारं बी जवळजवळ धरतच नाही. तरी त्या नावाची बियाण्यांची पाकिटं सर्रास विकली जातात, आणि गरीब बायांचे पैसे जातात. याचं मला फार वाईट वाटतं. तालुक्याच्या रोपवाटिकांनी जातीचं नाव लिहून फुटव्यांची रोपं ठेवावीत.

घरी प्रत्येक जात वेगळ्या कुंडीत लावा, नाहीतर फुटवे एकमेकांत घुसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की वर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) मांडव आणि सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच.

– एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ