नकाशावर व्हीलचेअर चालवायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वतः वास्तुविशारद, आणि मुंबईत व्हीलचेअरवरून फिरणाऱ्या. कसलंही मानधन न घेता बांधकामाचे नकाशे तपासणाऱ्या आमच्या इमारत प्रस्ताव कार्यालयात बसून तुम्ही आम्हा अभियंत्यांना नकाशे तपासायला शिकवलंत. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 आम्हाला ठाऊक होता. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, नियम पाळलेले नसतील तर बांधकामाला परवानगी नाही आणि भोगवटा प्रमाणपत्रही नाही, असं त्याचं कलम 44 सांगतं. म्हणजे जबाबदारी थेट आमच्या टेबलावर. पण टेबलावर येतो तो नकाशा, आणि नकाशात रॅम्प दाखवलेला असतोच. तो रॅम्प माणसाला कुठपर्यंत नेतो, हे बघायची नजर तुम्ही दिलीत.

जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापलेल्या त्या गोल चकत्या! 1:100 च्या नकाशावर 15 मिलिमीटरची चकती, म्हणजे व्हीलचेअर वळायला लागणारी दीड मीटर जागा. फाटकापासून ती सरकवत न्यायची: लॉबी, लिफ्ट, स्वच्छतागृह. अडेल तिथे लाल पेन्सिल. पहिल्याच नकाशात रॅम्प उत्तम, लिफ्टही ऐसपैस, आणि चकती अडली ती स्वच्छतागृहात, आत उघडणारं दार आणि बेसिन यांच्यामध्ये. "आत जाता येईल, पण दार लावता येणार नाही," तुम्ही म्हणालात. अशा वेळी काय होतं ते तुम्ही शांतपणे, न संकोचता सांगितलंत. त्यानंतर त्या मापाकडे आम्ही कधी नुसता आकडा म्हणून पाहिलं नाही.

जोत्याचंही तसंच. पाणी तुंबतं म्हणून मुंबईत जोतं उंच घेतात, ते बरोबरच आहे. पण 1:12 च्या उताराने 600 मिलिमीटर चढायला 7.2 मीटर लांब रॅम्प लागतो, मधले सपाट टप्पे वेगळे. हा हिशेब जोत्यापर्यंतच्या बांधकाम परवानगीच्या (सीसी) वेळीच झाला तर जागा निघते. भोगवटा प्रमाणपत्राच्या (ओसी) वेळी आठवण झाली, की पार्किंग आणि कंपाउंड भिंतीच्या मध्ये घसरगुंडी तेवढी उरते. आता आम्ही ही लांबी सुरुवातीलाच मागतो.

8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या 2017 च्या नियमांतला सुगम्यतेच्या निकषांचा नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष ठरवायला केंद्राला सांगितलं. तेव्हा निकालाची पानं घेऊन तुम्ही आमच्यासोबत बसलात आणि मराठीत तपासणीची यादी करून दिलीत. ती आम्ही प्रत्येक फाइलला लावतो. त्रुटी काढताना 'रॅम्प नियमानुसार नाही' एवढंच न लिहिता किती मिलिमीटर कमी आणि कुठे, ते लिहायची सवयही तुमचीच. मला हीच सर्वांत मोलाची वाटते. वास्तुविशारदही आता वाद न घालता दुरुस्त नकाशा घेऊन येतात.

कार्यालयात लवकरच नवे कनिष्ठ अभियंते रुजू होत आहेत. त्यांच्यासाठी एक दुपार द्याल का? नकाशे छापून ठेवतो. चकत्यांसाठी फिल्म मात्र तुम्हीच आणा.

आपला कृतज्ञ,
एक दुय्यम अभियंता, मुंबई