ट्यूब ॲम्प हळूही वाजतो

संपादक महोदय,

गणपती-नवरात्रात आवाजावर लिहून येतं तेव्हा ढोल-डीजेचंच नाव निघतं, पण आम्ही गिटारवालेही काही कमी नाही. दादर-परळच्या छोट्या हॉलमध्ये १०० वॅटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, आणायचा आणि साउंडवाला कमी कर म्हणाला की टोन जातो म्हणून रुसून बसायचं. टोन जातो हे खरंय, कारण मास्टर व्हॉल्यूम खाली आणला की फक्त प्रीॲम्प, म्हणजे ॲम्पचा सुरुवातीचा भाग, फाटतो, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबवर जोरच येत नाही, मग आवाज पातळ आणि किरकिरा. पण म्हणून ५० वॅटचा घेतला तर फरक जेमतेम ३ डेसिबलचा, कानाला थोडासाच जाणवतो! त्यापेक्षा १५ वॅटचा ईएल८४ (छोटी पॉवर ट्यूब) वाला घ्या, तोही छोट्या हॉलला जास्तच होतो, मग ॲम्प आणि स्पीकरच्या मधे ॲटेन्यूएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारी पेटी, लावा, तिन्हींवर लिहिलेले ओहम जुळवून; ॲम्प जोरात चालतो, आवाज मात्र कमी येतो. आणि ॲम्प तिरका ठेवून तोंड स्वतःच्या कानाकडे करा ना, पहिल्या रांगेतल्या काकूंनी काय पाप केलंय? फक्त स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब ॲम्प वाजवू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

– एक गिटारवाला, गिरगाव