साहेब निलंबित, माझी पोत कपाटात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पहिल्याच पानावर पोलीस अधिकाऱ्याच्या निलंबनाची बातमी वाचली. 'तडकाफडकी', 'दणका' आणि 'खळबळ' एकाच बातमीत बसवल्याबद्दल आधी तुमच्या वार्ताहरांचं अभिनंदन. कारवाई झाली ते योग्यच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दणका नक्की कोणाला बसतो, हे बघायला त्यांनी एकदा पोलीस ठाण्यातल्या फिर्यादींच्या बाकावर येऊन बसावं. मी बसलेली आहे.

गेल्या वर्षी सकाळी फिरायला गेले असताना दुचाकीवरच्या दोघांनी माझ्या गळ्यातली सोनपोत ओरबाडली. नाशिकमध्ये ही काही बातमी नाही, तुम्ही ती आतल्या पानावर चार ओळींत छापता. पण आमचे चोर सापडले आणि पोतही सापडली. ओळखायला बोलावलं तेव्हा पदक जरा चेपलेलं होतं, पण माझंच होतं. मी ठाण्यात पेढे वाटले, हेही इथे लिहून ठेवते. मग वकिलांनी मुद्देमाल परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज टाकला, कोर्टाने पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला, आणि त्याच सुमारास आमचे तपासी अंमलदार दुसऱ्याच कुठल्याशा प्रकरणात निलंबित झाले.

तेव्हापासून ठाण्यात माझं जे संभाषण चालतं ते असं. "मॅडम, तपास साहेबांकडे होता." आता कोणाकडे आहे? "अजून वर्ग झालेला नाही." केस डायरी? "साहेबांच्या कपाटात." किल्ली? या प्रश्नावर ठाणे अंमलदारांनी शिपायाला पाणी आणायला पाठवलं. पाणी माझ्यासाठी होतं हे पेला समोर आल्यावर कळलं.

बरं, साहेब काही परदेशात गेलेले नाहीत. निलंबित माणसाला परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही, म्हणजे ते इथेच गावात आहेत. पण किल्लीसाठी त्यांना कोणी बोलवायचं, पत्र कोणाच्या सहीने काढायचं, यावर ठाण्यात एकमत नाही. एका हवालदारांनी मला खासगीत सुचवलं की तुम्हीच त्यांना फोन करून बघा. ज्यांच्यावर चौकशी चालू आहे त्यांना मी फोन करायचा! उद्या ती चौकशी करणाऱ्यांनी माझाच जबाब घेतला तर?

सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे की असा मुद्देमाल पंधरा दिवस ते महिनाभर, त्याहून जास्त काळ ठाण्यात ठेवू नये. सविस्तर पंचनामा करावा, फोटो काढावेत, बंधपत्र घ्यावं आणि वस्तू मालकाला द्यावी. माझ्या वकिलांनी त्या निकालाची प्रत अर्जाला जोडलेली आहे. अर्जाची प्रत ठाण्यात आहे. कुठे आहे ते तुम्ही ओळखलंच असेल.

निलंबित अधिकाऱ्याला पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, आणि निलंबन लांबण्याला तो अधिकारी जबाबदार नसेल तर भत्ता पुढे वाढतोही. मिळू दे, घरी बायका-मुलं असतात. तीन महिन्यांत दोषारोपपत्र द्या नाहीतर निलंबन लांबवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये आपल्या सरकारने तसा शासन निर्णयही काढला. म्हणजे त्यांच्या प्रतीक्षेला मुदत आहे. फिर्यादीच्या प्रतीक्षेला कोणता शासन निर्णय लागू होतो, हे आयुक्तालयाने कळवावं. आणि निलंबनापर्यंत न जाता नुसतं 'नियंत्रण कक्षात संलग्न' केलं असेल तर विचारूच नका: पगार पूर्ण, आणि मागे राहिलेले तपास बेवारस.

शेवटी होतं काय, तेही आपण पाहिलं आहे. मुंबई पोलिसांतले सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले आणि जून २०२० मध्ये सेवेत परत आले. कारण काय, तर कोरोनात मनुष्यबळ कमी. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने (एनआयए) त्यांना अटक केली. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांचं निलंबन तर निवृत्तीनंतर मागे घेतलं आणि तो सगळा काळ कामावर असल्याचा धरला. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. बंदोबस्ताला माणसं कमी पडतात म्हणून कोण कोण गुपचूप परत येतंय, ते बघत राहा. तुमचं वर्तमानपत्र ते छापणार नाही, कारण निलंबन पहिल्या पानावर येतं आणि पुन्हा रुजू झाल्याची बातमी कुठल्याच पानावर येत नाही. निदान मला तरी ती कधी सापडलेली नाही, आणि मी निविदा सूचनांसकट सगळा अंक वाचते.

आयुक्त साहेबांना माझी मागणी फार मोठी नाही. निलंबनाच्या आदेशात एक ओळ वाढवा: यांच्याकडचे सर्व तपास आजपासून अमुक अधिकाऱ्याकडे, कपाटाच्या किल्ल्यांसह. ज्या शहरात महाराष्ट्रभरचे फौजदार घडवणारी पोलीस अकादमी आहे, तिथे एवढी ओळ टाईप करणारा कोणीतरी असेल.

पत्र लिहितेच आहे तर आणखी एक. आमच्या कोपऱ्यावरची पोलीस चौकी कायम कुलपात असते आणि तिच्या दारावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वाढदिवस होऊन दोन सण उलटले. चौकी उघडायला माणूस नसेल तर राहू द्या, पण फ्लेक्स तेवढा उतरवा. ठाण्याचा फोन नंबर त्याच्या मागे रंगवलेला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक
(नाव-पत्ता छापू नये, अर्ज अजून प्रलंबित आहे.)