वाल्पीचे फोटो नाहीत, म्हणून पत्र

फिनिक्स, रविवार

प्रिय दत्ता,

फोटो कुठे आहेत म्हणून तू दोनदा विचारलंस. वाल्पी म्हणजे इथल्या ॲरिझोनातलं होपी या मूळ अमेरिकन जमातीचं जुनं गाव. त्याचा एकही नाही रे. होपींच्या गावांत कॅमेरा चालत नाही. फोन गाडीत ठेवून वर गेलो.

सपाट माथ्याच्या डोंगराची चिंचोळी सोंड, दोन्ही अंगांना तुटलेला कडा आणि पार काठापर्यंत घरं. दगड डोंगराचाच, त्यामुळे कडा कुठे संपला नि भिंत कुठे लागली ते खालून कळत नाही. छताला तुळया, त्यावर काटक्या, गवत, माती. तुमच्या बार्शीचं माळवदच! फक्त पूर्वी तळमजल्याला दार नसे. शिडीने माळवदावर चढायचं, तिथल्या भोकातून दुसऱ्या शिडीने आत उतरायचं. बाहेरची शिडी वर ओढली की घर बंद. धुराडं म्हणजे बूड काढलेली मडकी, एकावर एक रचलेली.

हे सगळं मी आधी जॉन हिलर्सच्या फोटोंत पाहिलं होतं. हा गडी १८७१ साली कोलोरॅडो नदीच्या मोहिमेवर नावाडी म्हणून लागला आणि तिथेच फोटो काढायला शिकला. त्या काळी काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. या वाळवंटी वाऱ्यात! शिवाय चित्र उमटायला वेळ लागायचा. घर हलत नाही, म्हणून त्याचा दगड न् दगड मोजता येतो. माणूस हलला की पुसट.

पण होपींमध्ये घर बाईचं असतं. आईकडून लेकीकडे जातं, नवरा तिच्या घरी राहायला येतो. दगड-तुळयांचं जड काम पुरुषांचं, लिंपण बायकांचं, नुसत्या हाताने. मी पाहिलेल्या जुन्या फोटोंखाली गावाचं नाव आहे, फोटोग्राफरचं आहे. घरमालकिणीचं कुठेच नाही. हे मला फार लागलं.

१८९५मध्ये व्रोमन हा दुसरा फोटोग्राफर आला तोवर आधीच रसायन लावलेल्या कोरड्या काचा निघाल्या होत्या, काम सोपं झालं होतं. मग सर्पनृत्याला, म्हणजे होपींच्या जिवंत साप घेऊन नाचायच्या विधीला, कॅमेरेवाल्यांची झुंबडच उडायला लागली. शेवटी होपींनी विधींचे फोटो बंद केले. बरोबर केलं त्यांनी.

तुमचा वाडा दिवाळीनंतर पाडणार म्हणालास ना? स्वयंपाकघराच्या भिंतीवर काकूंच्या बोटांचे माग अजून असतील, तर जवळून एक फोटो काढ. काकूंना विचारून. आणि मागे त्यांचं नाव लिही.

तुझा,
विजू