'कबुली' कशाची?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

एखाद्या खेळाडूने वा कलावंताने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले की त्याची बातमी बहुधा 'कबुली दिली' या शब्दांवर येऊन थांबते. मराठीत कबुली चोरीची देतात, खुनाची देतात, फार तर चुकीची देतात; डावखुरेपणाची कबुली दिल्याचे मी अजून वाचलेले नाही. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात आकस असेलच असे नाही, घाईत हाताशी आला तो शब्द त्याने वापरलेला असतो. पण तेवढ्याने बातमीतला माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि वाचक नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. तिथे 'सांगितले' हे साधे क्रियापद पुरते.

गुन्ह्याच्या बातम्यांत हे अधिक जाणवते. 'समलिंगी संबंधांतून हत्या' असा मथळा सहज छापला जातो, परंतु पतीने पत्नीचा जीव घेतला तर 'भिन्नलिंगी संबंधांतून हत्या' असे कोणी लिहीत नाही.

पारलिंगी (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) व्यक्तींविषयी लिहिताना तर आपल्या व्याकरणाचीच कसोटी लागते. इंग्रजीत सर्वनाम सांभाळले की बरेचसे भागते. मराठीत क्रियापदापासून विशेषणापर्यंत सारे लिंगानुसार बदलते, आणि म्हणून पहिल्या परिच्छेदात 'ती म्हणाली' असे लिहिणारा वार्ताहर बालपणाचा उल्लेख येताच 'तो अभ्यासात हुशार होता' असे लिहून मोकळा होतो. शिवाय त्या व्यक्तीने टाकून दिलेले नाव कंसात देतो, ते वेगळेच. स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणतीच ओळख न मानणाऱ्यांविषयी कसे लिहावे, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, कारण नपुंसकलिंगी 'ते' माणसाला वस्तूंच्या रांगेत नेऊन बसवते. ('व्यक्ती' हा शब्द मुळातच स्त्रीलिंगी असल्याने तो धरून वाक्य रचले तर थोडी सोय होते.) वय आणि व्यवसाय विचारणाऱ्या वार्ताहराने हेही त्या व्यक्तीलाच विचारायला काय हरकत आहे?

दूरचित्रवाणीवरील चर्चांत समतोलाच्या नावाखाली एका बाजूला समलिंगी व्यक्तीला आणि दुसऱ्या बाजूला 'हा आजार आहे' असे म्हणणाऱ्याला बसवले जाते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळले आहे. ज्या मुद्द्याचा वैद्यकशास्त्रात इतक्या वर्षांपूर्वी निकाल लागला, त्यावर रोज नव्याने कौल मागणे याला समतोल कसे म्हणावे?

मनोरंजनाच्या क्षेत्रातील सवयी आणखी जुन्या आहेत. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेल्या हेज संहितेने, म्हणजे चित्रपटांत काय दाखवू नये याच्या नियमावलीने, 'लैंगिक विकृती'चा (त्यात समलैंगिकताही धरली जाई) सूचक उल्लेखही वर्ज्य ठरवला होता. तरीही समलिंगी पात्रे पडद्यावरून नाहीशी झाली नाहीत. कधी खलनायकाच्या नखऱ्यांत, कधी विनोदी नोकराच्या लचकत्या चालीत ती लपून राहिली. १९६८ मध्ये ती संहिता गेली, पण लचकत्या चालीवरचा हशा अजून गेलेला नाही.

आपल्या कार्यालयात शुद्धलेखनाचे नियम लावलेले असतीलच. त्यांच्या शेजारी 'कबुली' हा शब्द कुठे वापरू नये, एवढी एक ओळ वाढवावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक